चोर, संन्यासी आणि नऊशे बाट

'सही जुळत नाही' हे तीन शब्द मी गेल्या बावीस वर्षांत किती वेळा उच्चारले असतील, याचा हिशोब माझ्यासारख्या हिशोबी माणसाकडेही नाही. मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली आणि काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन बसलो. काउंटरच्या आत बसलं, की बाहेरची माणसं वेगळी दिसू लागतात. बाहेर उभा असलेला प्रत्येक इसम मूळचा लबाड असून आपला प्रामाणिकपणा त्यानं दोन फोटो आणि एका झेरॉक्सनिशी सिद्ध करायचा असतो, अशी आमची समजूत करून दिलेली असते. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर साक्षात उभे असलेले, जिना चढून दम लागलेले, रुमालानं घाम पुसणारे ऐंशी वर्षांचे गृहस्थ जिवंत आहेत की नाहीत, हे आम्ही कागद बघून ठरवतो.

कोर्टाचं एक तत्त्व आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. बँकेचं तत्त्व बरोबर याच्या उलट आहे. शंभर खरे खातेदार हात हलवत परत गेले तरी चालतील, पण एक खोटा चेक पास होता कामा नये. आणि आमचंही काही चूक नाही हो. खोटा चेक पास झाला, की वरून कागद येतो. 'खुलासा करावा.' त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची झोप उडते. उलट, खरा चेक परत पाठवला तर काय होतं? काही नाही. खातेदार पाच मिनिटं बडबडतो, फार तर मॅनेजरच्या केबिनचं दार जोरात लावतो, आणि जातो. त्याचा कागद कुठूनही येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर आले होते. अर्धांगातून उठलेले. पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळेना. मी म्हटलं, "पुन्हा करा." त्यांनी माझ्या देखत पाच सह्या केल्या. पाचही वेगळ्या. मग स्वतःच हसून म्हणाले, "साहेब, मी तोच आहे. हात तेवढा बदललाय." नियमात यावर तोड आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा. पण माझी जेवायची वेळ झाली होती. "घरच्या कुणाला तरी घेऊन या," असं सांगून मी खिडकी बंद केली. ते पुन्हा आले नाहीत. का आले नाहीत याची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे बँकपुराण कशाला? तर फसवलं जाणं वाईट, की भल्या माणसाला चोर समजणं वाईट, हा जो सनातन प्रश्न आहे, तो मला बावीस वर्षांत काउंटरवर एकदाही पडला नाही. तो पडला बँकॉकच्या फुटपाथवर.

२०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला. 'माफ' हा शब्द आम्हा बँकवाल्यांच्या नशिबी फक्त दुसऱ्यांच्या कर्जाच्या संदर्भात येतो. तो स्वतःच्या वाट्याला आलेला बघून मी हरखलो. मध्यरात्री निघणारं आणि पाणीसुद्धा विकत देणारं एक स्वस्त विमान शोधलं, आणि २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, पाच दिवसांसाठी जायचं ठरवलं. शाखेत ही बातमी सांगितल्यावर पाच जणांनी एकच प्रश्न विचारला. "वहिनींना घेऊन?" हो, वहिनींना घेऊन. शिवाय वहिनींनी बरोबर घेतलेला तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन.

निघताना भाचा म्हणाला, "मामा, तिकडे जरा जपून. कुणावर पटकन विश्वास ठेवू नका." मी नुसता हसलो. हे म्हणजे माशाला पोहायची सूचना देण्यासारखं होतं.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत शिरलो तर समोर चक्क समुद्रमंथन! भला थोरला वासुकी, एका बाजूनं देव ओढताहेत, दुसऱ्या बाजूनं दानव. सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपलंच निघालं!" हे 'आपलंच' फार घातक असतं. परक्या मुलुखात काही आपलं दिसलं, की माणूस निम्मा बेसावध होतो. पुढे तर आपलं आपलं म्हणण्याचा सपाटाच सुरू झाला. इथले राजे 'राम' या नावानं ओळखले जातात, सध्याचे दहावे. नदीपलीकडच्या देवळाचं नाव अरुण. शहराचं पूर्ण नाव तर एवढं लांबलचक, की आमच्या कुठल्याही फॉर्मच्या चौकटींत मावणार नाही. त्यात इंद्र आहे, विश्वकर्मा आहे. तिथले लोक मात्र 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी, एवढंच म्हणून मोकळे होतात. फक्त एक आहे. लिहितात सुवर्णभूमी आणि म्हणतात सुवन्नफूम. म्हणजे नाव आपलं, पण सही जुळत नाही.

विमानतळावरून रेल्वेनं माणशी ४५ बाटांत शहरात आलो. एका बाटाचे तेव्हा अडीच रुपयांच्या आतबाहेर होत होते. त्यामुळे पहिले दोन दिवस आमची सौ. प्रत्येक वस्तूला अडीचनं गुणायची आणि वस्तू खाली ठेवायची. उतरायची जागा खाओ सान रस्त्याजवळच्या एका गल्लीत होती. खाओ सान म्हणजे तांदूळ. एके काळी तिथं तांदळाचा बाजार होता. आता जगभरचे काटकसरी प्रवासी तिथं पाठीवर पोतं घेऊन हिंडतात, एवढाच फरक. आमच्या खोलीत एक पलंग, एक पंखा आणि एक पाल होती. पालीचं भाडं वेगळं नव्हतं.

शहर मला एकदम आवडलं. वाहतूक आपल्यासारखीच तुंबलेली, पण हॉर्न नाही. सिग्नलला पंधरा-पंधरा मिनिटं बस उभी राहिली, पण कुणी कुणाच्या मातोश्रींची चौकशी केली नाही. इमारतींपुढे खांबावर छोटी छोटी देवळं, जागेच्या रखवालदार भूतदेवतांची. त्यांच्यापुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली, बूच काढून, वर स्ट्रॉ घालून! देवाची एवढी सोय आपल्याकडेही कुणी बघत नाही. आणि जो तो हात जोडणारा. दुकानदार हात जोडतो, शिपाई हात जोडतो. भिंतीकडे बघून 'पुढच्या काउंटरला जा' म्हणण्यात हयात गेलेल्या माणसाला हे जरा जडच जातं.

पहिल्याच सकाळी राजवाडा बघायला निघालो. पहिल्या रामाच्या काळचा, १७८२ मध्ये बांधायला घेतलेला. पांढऱ्या भिंतीच्या कडेकडेनं चाललो असताना एक गृहस्थ सामोरे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, केस पांढरे. हात जोडून म्हणाले, "इंडिया? नमस्ते!" झालं. पुन्हा 'आपलंच'!

गृहस्थांनी अतिशय दुःखानं सांगितलं, की आज राजवाड्यात धार्मिक विधी आहे, त्यामुळे तो एक वाजेपर्यंत बंद. पण तुमचं नशीब थोर! आज सरकारतर्फे टुकटुक फक्त २० बाटांत आहे. तोवर दोन छान देवळं बघून या. आणि आजच, फक्त आजच, रत्नांच्या निर्यात केंद्रात कर माफ आहे. पुन्हा 'माफ'! टुकटुकवाला योगायोगानं तिथंच उभा होता. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच, फक्त लग्नाला निघाल्यासारखी सजवलेली.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण आता सुरुवात केलीच आहे. देवळं खरंच छान होती. निर्यात केंद्रात थंडगार सरबत मिळालं. तिथल्या मुलानं मला विचारलं, "सर, तुम्ही बँकेत आहात का? नजरेवरून वाटलं." त्या वाक्याला मी पडलो. मी! ज्यानं दोन वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर बसून लोकांची मंगळसूत्रं तोलली, तो मी! २४०० बाट देऊन एक निळा खडा घेतला. मुंबईत तिप्पट किंमत येईल, असं लेखी मिळालं. पावतीवर साल होतं २५६७. तिकडे बुद्धाचा शक चालतो, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे. त्या सालापर्यंत थांबलो, तर खडा कदाचित खराही ठरेल.

उतरायच्या जागी आलो. काउंटरवरची मुलगी पावती बघून काही बोलली नाही. फक्त आतून दुसरीला बोलावून आणलं आणि तिलाही दाखवली. राजवाडा सकाळपासून उघडाच होता. तो रोजच उघडा असतो, हे तिच्याकडून कळलं. आम्ही धावत गेलो, तोवर चार वाजले होते, आणि आता मात्र तो खरोखरच बंद झाला होता.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. त्या संध्याकाळी मी समोर येईल त्यावर फुंकर मारत सुटलो. बसच्या कंडक्टरबाईनं तिकीट दिलं, ते उजेडाकडे धरून बघितलं. पाण्याची बाटली घेतली, तिचं बूच तपासलं. रात्री गल्लीच्या तोंडाशी एका हातगाडीवर आंबा-भात खायला थांबलो. चिकट भात, वर नारळाचं घट्ट दूध, बाजूला पिवळाधमक आंबा. "जानेवारीत आंबा?" असं म्हणत सौ.नं पहिला घास घेतला, आणि मग तिनं अडीचनं गुणणं बंद केलं. गाडीवाली पन्नाशीची, कमरेला मळका एप्रन, हसरी. एक बशी ६० बाटांची. मी शंभराची नोट दिली, तिनं ४० परत दिले. मी ते दोनदा मोजून घेतले.

वीसेक पावलं गेलो असू. मागून हाका ऐकू आल्या. "मिस्तर! मिस्तर!" बघतो तर गाडीवाली धावत येतेय. हातात एक नोट, दुसऱ्या हाताचं एक बोट वर, आणि "तौसन! तौसन!" असं चाललेलं. तौसन म्हणजे थाउजंड, हे मला कळलं. म्हणजे ६० बाटांच्या भाताचे हजार? मी पाय उचलले. तीही उचलू लागली. बायको म्हणाली, "अहो, थांबा ना. तिच्या हातात पैसे आहेत. ती काहीतरी देतेय वाटतं."

"अगं, तीच तर युक्ती असते! हातात नोट धरायची आणि म्हणायचं, तुमची नोट खोटी निघाली, बदलून द्या. रोज बघतो मी."

"तुम्ही रोज भारतात बघता."

तोवर ती बाई जवळ आली आणि तिनं माझ्या बाहीला हात लावला. मी हात झटकला. आणि मग मी ओरडलो. इंग्रजीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं. "नो! नो मनी! आय वर्क इन बँक! मला शिकवू नका!" रस्त्यावरचे दहा-बारा लोक थांबले. ती बाई एकदम गप्प झाली. हात खाली आला. माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. त्या शहरात कुणी आवाज चढवत नाही, हे मी सकाळपासून कौतुकानं बघत होतो, आणि ते मौन मोडण्याचा मान मीच पटकावला.

खोलीवर आलो तो विजयी मुद्रेनं. सकाळचा वचपा काढल्यासारखं वाटत होतं. सौ. भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री मी हिशोबाची वही उघडली नाही. बावीस वर्षांत कॅश टॅली न करता झोपल्याची ही पहिली वेळ.

सकाळी उघडली. पाकिटात असायला हवे होते ७३४०. होते ६४४०. नऊशे बाट शॉर्ट.

आमच्या धंद्यात एक साधी खूण आहे, नोकरीच्या पहिल्याच वर्षी जुने लोक शिकवतात. फरकाला नवानं भाग गेला, की समजावं, आकडे उलटसुलट झालेत किंवा शून्य घसरलंय. नऊशे. शंभराच्या पुढे एक शून्य जास्त. मी पाकिटातल्या नोटा पलंगावर मांडल्या. आपल्याकडे जशी प्रत्येक नोटेवर गांधीजींची तसबीर, तशी तिकडे राजेसाहेबांची. शंभराची नोट लाल, हजाराची तपकिरी-करडी. दिवसा आंधळ्यालाही फरक कळेल. पण त्या गाडीवर लाल दिव्यांची माळ होती, आणि लाल उजेडात सगळेच राजेसाहेब लाल. मी तिला शंभर म्हणून हजार दिले होते. तिनंही शंभर समजूनच ४० परत दिले होते. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती गाडी तशीच उघडी टाकून माझी नोट मला द्यायला धावत आली.

नोटा मोजण्याचा पगार घेणारा मी. चूक माझी. आणि चोर ती.

सौ. उठून बसली होती. तिनं पलंगावरच्या नोटा बघितल्या, वही बघितली, माझं तोंड बघितलं. "मी म्हटलं होतं," हे वाक्य ती बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात ही तिची माझ्यावरची सर्वांत मोठी शिक्षा.

गाडी रात्रीची. दिवस काढायचा होता. पुन्हा राजवाड्याकडे निघालो. भिंतीपाशी तेच गृहस्थ, तोच इस्त्रीचा शर्ट, एका गोऱ्या जोडप्याला हात जोडून काही दुःखद बातमी सांगत होते. माणशी ५०० बाट देऊन आत गेलो. आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. नाव पाचूचं, मूर्ती दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची. पण त्यात कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ चित्रं, त्यांच्या 'रामाकियेन'ची. सोन्याच्या रंगात झळकणारी माकडं, राक्षस, रथ, लंका. तिकडच्या कथेतही सीतेचं अग्निदिव्य आहे. सौ. ते चित्र शोधू लागली. मी जरा मागे मागेच राहिलो. ती म्हणाली, "एक बघितलंत? दिव्य नेहमी ज्याच्यावर संशय घेतला त्यानंच करायचं. संशय घेणाऱ्याला काही नसतं."

मी एका राक्षसाच्या मुकुटाचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो.

पण वाक्य डोक्यात बसलं. ओवरीच्या कट्ट्यावर टेकून मी कॉमर्सच्या पद्धतीनं विचार केला. काल माझ्या हातून दोन चुका झाल्या. सकाळी खोटा चेक पास केला, रात्री खरा परत पाठवला. चोर सोडून संन्याशाला सुळी, तेही एकाच दिवसात. सकाळच्या चुकीची किंमत २४०० बाट. ती माझ्या वहीत लिहिलेली आहे. माझा भाचा ती मला जन्मभर विसरू देणार नाही. रात्रीच्या चुकीची किंमत मात्र माझ्या वहीत कुठेच नाही. ती त्या बाईच्या वहीत पडली. सगळ्यांदेखत झालेला अपमान, थंड झालेली शेगडी, कदाचित तेवढ्यात निघून गेलेलं गिऱ्हाईक. योगायोगानं नऊशेचा फरक आला म्हणून मला ती चूक कळली. तिनं मी विसरलेली छत्री द्यायला हाका मारल्या असत्या, तर मी आजही मित्रांना सांगत असतो, 'बँकॉकमध्ये एक बाई मला लुबाडायला आली होती, पण मी कसला ऐकतो!'

मला वाटतं, माणसं वयाबरोबर संशयी होत जातात ती यामुळेच. फसलो की आपल्याला कळतं, कारण ठग पैसे घेऊन जातो आणि खड्डा दिसतो. उगाच संशय घेतला तर कधीच कळत नाही, कारण भला माणूस गप्प बसून निघून जातो. 'खुलासा करावा' असा कागद तो पाठवत नाही. म्हणून एका बाजूच्या सगळ्या चुका मोजल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या शून्य दिसतात. अशा एकतर्फी जमाखर्चाला आपण 'अनुभव' म्हणतो, आणि पोराबाळांना तो फुकट वाटतो.

हे म्हणजे उद्यापासून सगळ्यांवर डोळे मिटून विश्वास टाका, असं नव्हे. मी बँकवाला आहे. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही पाटी आमच्या शाखेत मीच चिकटवली आहे, आणि ती तशीच राहील. भिंतीपाशी इस्त्रीचे शर्ट उभे असतातच. पण आमच्या त्याच धंद्यात एक शहाणपणाची सोय आहे, ती मी विसरलो होतो. आम्ही चेक परत करतो तेव्हा तो फाडत नाही. त्याला एक चिठ्ठी जोडतो, कारण लिहितो आणि खातेदाराच्या हाती देतो. दोष दूर झाला, की तोच चेक तो पुन्हा भरू शकतो. संशयाला तेवढी जागा ठेवली, की तो सभ्य असतो. त्या बाईला मी कारण विचारलं नाही, दोन मिनिटं दिली नाहीत. तिचा चेक मी तिच्या तोंडावर फाडून टाकला होता. त्या अर्धांगवाल्या म्हाताऱ्यांचाही.

संध्याकाळी उतरायच्या जागेवरच्या मुलीला विचारलं, "सॉरी तुमच्या भाषेत कसं म्हणतात?" ती म्हणाली, "खो थोत." खो म्हणजे मागणं. आणि थोत? तिनं समजावून सांगितलं, चूक, गुन्हा, शिक्षा, असं काहीतरी. मग उजेड पडला. थोत म्हणजे आपला दोष! पुन्हा आपलंच निघालं, पण या वेळी मी बेसावध झालो नाही, उलट जरा जागा झालो. आपण क्षमा मागतो, म्हणजे समोरच्यानं काहीतरी द्यायचं. ते लोक दोष मागतात. म्हणजे माझ्या खात्यात नावे टाका. हिशोब म्हणून हे जास्त बरोबर आहे.

'खो थोत' घोकत गल्लीच्या तोंडाशी गेलो. लाल दिव्यांची माळ लागली होती. तिनं लांबूनच ओळखलं. मला वाटलं, आता तोंड फिरवेल. तिनं वाकून गाडीखालचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पैशांपासून वेगळं ठेवलेलं एक प्लॅस्टिकचं पुडकं होतं, रबर लावलेलं. ते माझ्या हातात दिलं. नऊशे बाट. मी मोजले नाहीत. बावीस वर्षांत हेही पहिल्यांदाच. (खोलीवर गेल्यावर सौ.नं मोजले. बरोबर होते.)

मी हात जोडले आणि म्हटलं, "खो थोत." उच्चार बहुधा चुकला, कारण तिनं शेजारच्या भजीवालीकडे बघितलं. पुन्हा म्हटलं. मग तिला कळलं आणि ती हसत सुटली. "माय पेन राय, माय पेन राय!" म्हणजे असू दे, काही नाही. नंतर तिनं शेजारणीला कालचा सगळा प्रसंग करून दाखवला. हात झटकून, डोळे वटारून, "बँक! बँक!" असं ओरडून. माझी इतकी हुबेहूब नक्कल मी आजवर बघितली नव्हती. सगळी गल्ली हसली. मीही हसलो. एवढ्या स्वस्तात सुटका होईल असं वाटलं नव्हतं.

मी शंभराची नोट, नीट बघून शंभराचीच, पुढे केली. तिनं घेतली नाही. मग सौ.नं पिशवीतून डबा काढला आणि तिच्या हातावर दोन तिळाचे लाडू ठेवले. शुद्ध मराठीत म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्या बाईनं लाडू कपाळाला लावून तोंडात टाकला. सूचनेची तिला गरज नव्हती. ती ज्याला हवी होती, तो बाजूला उभा राहून आंबा-भाताची वाट बघत होता.

परत आल्यावर खडा सराफाला दाखवला. काच निघाली. सौ.नं ती तरीही चांदीच्या अंगठीत बसवून घेतली आहे. मी काउंटरवर बसायला निघालो, की ती डबा देताना अंगठीचं बोट नेमकं माझ्या डोळ्यांसमोर येईल असा धरते. त्यामुळे हल्ली एखाद्याची सही जुळली नाही, तर मी म्हणतो, "बसा जरा. पाणी घ्या. पुन्हा एकदा करून बघू." रांग वाढते, मागचे लोक कुरकुरतात, आणि शेजारच्या काउंटरवरचा सहकारी विचारतो, "काय रे, बँकॉकहून हेच शिकून आलास?"

हो. वहिनींना घेऊन गेलो होतो ना.